उत्तरेचा डफ आणि पगारी भुतं

आमच्या कंपनीत काम करणाऱ्यांपेक्षा पगार घेणारी माणसं जास्त होती. सौदीकरणाच्या त्या वर्षांत ही काही नवलाची गोष्ट नव्हती, तेव्हा कुणी भुवया उंचावू नयेत. सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. स्थानिक माणसं पुरेशी कामाला असतील तर हिरवा, कमी पडत असतील तर पिवळा आणि फारच कमी असतील तर लाल. आमची कंपनी पिवळ्यात होती आणि लालकडे सरकत होती. अबकैकच्या बाजूला पाइप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारी, धुळीत उभ्या असलेल्या पत्र्याच्या ऑफिसांची कंपनी ती. तिथे कुठला सौदी पदवीधर आनंदाने येऊन बसणार होता? तेव्हा मालकाच्या पुतण्याने त्या काळातला सर्वांत लोकप्रिय उपाय केला. या पुतण्याला आम्ही मुदीर म्हणायचो, कारण सगळा कारभार तोच पाहायचा. नात्यातली, शेजारातली, जेद्दात राहणारी, अबकैक कोणत्या दिशेला आहे याचा पत्ता नसलेली माणसं त्याने पगारावर घेतली. ती दर महिन्याला थोडा पगार घ्यायची आणि त्या बदल्यात कामावर न येण्याचं काम चोख बजावायची.

आम्ही मराठी माणसं त्यांना भुतं म्हणायचो. ती कधी दिसत नसत, पण त्यांना खायला घातलं नाही तर घराचं वाटोळं होणार हे सगळ्यांना मान्य होतं.

माझं काम डॉक्युमेंट कंट्रोलरचं. तेलाच्या प्लांटकडून येणारं आणि प्लांटला जाणारं प्रत्येक ड्रॉइंग माझ्या हातून जायचं. कुठलं जुनं, कुठलं नवं, कुणाची सही राहिली, हे मी सांगायचो. काम कंटाळवाणं आणि मला मनापासून आवडणारं होतं. पण कंपनी पिवळ्यात राहिली तर जुन्या परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पुढे वाढणार नाहीत असा नियम आला. मी चांगलाच जुना होतो. माझा इकामा जानेवारीअखेर संपत होता आणि मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती, दम्मामच्या भारतीय शाळेतून. माझा इकामा गेला की तिचाही गेला, आणि ऐन वर्षाच्या शेवटी दुसरीकडे तिला परीक्षेला कोण बसवून घेणार? बायको देवापुढे रोज दिवा लावायची आणि मला काही विचारायची नाही. मुलगी म्हणायची, "पपा, आय विल मॅनेज." तिच्या त्या मॅनेज करण्याचीच मला जास्त धास्ती वाटायची. मी वरवर थट्टा करत होतो, पण आतून माझं पाणी पाणी झालं होतं.

अशा दिवसांत सल्लागार आला. उत्तर युरोपातल्या, हिवाळ्यात सूर्य उगवायचे कष्टच घेत नाही अशा एका देशातून. उंच, हाडकुळा, भुवया इतक्या फिक्या की त्या आहेत हे जवळ गेल्यावरच कळायचं. स्थानिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं तर कामगार खात्यात कंपनीची पत वाढते असं मुदीरने कुठेसं ऐकलं होतं, आणि प्रशिक्षक गोरा असेल तर जास्तच वाढते असं त्याने स्वतः ठरवलं होतं. विषय होता नेतृत्व. पण त्या माणसाचा जीव नेतृत्वात नव्हताच. त्याचा जीव होता त्याच्या मुलखातल्या जुन्या देवऋषींमध्ये. ख्रिस्ती धर्म तिथे पोचायच्या आधी डफ वाजवून समाधी लावणारे, परलोकात जाऊन आजाऱ्याचा हरवलेला प्राण परत घेऊन येणारे. त्या सगळ्याचं कूट करून त्याने 'प्राचीन उत्तरेचं नेतृत्व' नावाचा माल तयार केला होता आणि तो गावोगाव विकत तो आमच्यापर्यंत आला होता. व्हिसावर त्याचा व्यवसाय 'शेतीयंत्रांचा दुरुस्तीकार' असा लिहिला होता, कारण कंपनीकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. हे कळल्यावर मला तो जरा आपला वाटायला लागला.

या देशात जादूटोणा हा थट्टेचा विषय नाही. त्यापायी माणूस मोठ्या संकटात सापडतो. म्हणून मुदीरने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, भूत, आत्मा, देव हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, हेरिटेज म्हणायचं. सल्लागाराने ते इमानदारीत पाळलं. "हा हेरिटेज फार रागीट असतो," तो पुढे एकदा सांगत होता, "त्याला लापशी दिली नाही तर तो गाय मारतो."

आता अडचण अशी होती की प्रशिक्षण सौदी कर्मचाऱ्यांचं, आणि ते तर भुतं. मुदीरने त्यातूनही वाट काढली. भुतांच्या नावाच्या पाट्या छापल्या आणि आमच्या छातीवर लावल्या. खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत, फोटो मागून काढायचा, आणि सल्लागाराला अरबी वाचता येत नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. आमच्याकडे कोकणात अंगात देव येतो. त्या दिवशी आमच्या अंगात सौदी आले होते.

माझ्या एका बाजूला आमचा स्टोअरकीपर बसला होता. रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारा, सज्जन आणि अतिशय भित्रा. दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्गातला फिटर, ज्याच्या घराकडे गावच्या देवळाचं मानकरीपण होतं आणि जो ते कामगारांच्या कॅम्पमध्येही विसरला नव्हता. स्टोअरकीपरला अरबी अक्षरं वाचता यायची. त्याने माझ्या छातीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तुज्यावर बाईचं नाव हाय रे."

"आणि माझ्यार?" फिटरने विचारलं.

"मुदीरची आत्या. म्हातारी. गेल्या साली तिला माज्या समोर व्हीलचेअरवर आणलेली."

फिटरने गंभीरपणे मान डोलावली आणि पाय जोडून बसला.

सल्लागाराने पेटीतून डफ काढला. अंडाकृती लाकडी चौकट, त्यावर रेनडिअरचं कातडं, आणि कातड्यावर लालसर रंगात काढलेली चित्रं: सूर्य, होडी, शिंगांचं जनावर, झोपड्या, काठीसारखी माणसं. रंग आल्डर नावाच्या झाडाच्या सालीचा, तो म्हणाला. हा डफ नवा, नकलेचा होता, कारण जुने बहुतेक मिशनऱ्यांनी जप्त करून जाळले. हे सांगताना त्याचा आवाज बदलला. इतका वेळ तो माल विकत होता; तेवढ्या वाक्यापुरता तो घरातलं कुणी गेल्यासारखा बोलला, आणि मला त्याची थट्टा करावीशी वाटेना.

मग त्याने दाखवलं, त्याच्या मुलखाच्या अगदी उत्तरेला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा जाणता डफावर पितळेची एक कडी ठेवायचा आणि शिंगाच्या हातोडीने हळू ठोकत राहायचा. कडी थरथरत सरकायची. ती कोणत्या चित्रावर जाते यावरून शिकार कुठे करायची, आजारी माणूस जगेल का, प्रवासाला निघावं का, हे ठरायचं. ते लोक वेगळ्या आकाराच्या दगडांनाही मानायचे. अशा दगडाला चरबी आणि माशाचं रक्त फासायचे. आणखी दक्षिणेला, जहाजांवरून लुटालूट करणाऱ्या लोकांत, हे काम बायकांचं होतं. हातात दंड घेतलेली बाई उंच आसनावर बसायची, बाकीच्या तिच्याभोवती गाणं म्हणायच्या, आणि मग तिला जे इतरांना दिसत नाही ते दिसायचं. पुरुषाने हे केलं तर त्याची छी थू व्हायची.

फिटर इतका वेळ मान खाली घालून बसला होता. पितळेची कडी सरकली आणि तो ताठ झाला.

"रे, ह्यो तर कौल!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे दक्षिण कोकणात देवाच्या पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. लग्नं, भांडणं, जमिनी, सगळं त्यावर चालतं. चरबी फासलेला दगड ऐकूनच फिटरचा निम्मा विश्वास बसला होता. शेंदूर नसला म्हणून काय झालं? कडी पाहिल्यावर उरलेला निम्मा बसला.

चहाच्या सुट्टीत सल्लागार बाहेर सिगरेट ओढायला गेला. फिटर उठला आणि डफासमोर उभा राहिला. मला वाटलं, जवळून बघतोय. त्याने कडी बरोबर मधोमध ठेवली, चपला काढल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आवाज थेट त्याच्या गावच्या देवळातला.

"बा देवा म्हाराजा! तू जो कोण असशील, उत्तरेकडचो, थंडीतलो, तुका आज ही तुझी लेकरां गाऱ्हाणा घालतत रे म्हाराजा!"

खोलीत आम्ही कोकणातले बरेच होतो. आणि गाऱ्हाणं सुरू झालं की कोकणी माणूस गप्प बसू शकत नाही. ते आमच्या हातातच नसतं.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांचे इकामे संपाक इलेत. ह्या कंपनीक जो काय पिवळो रोग लागलो असात तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

स्टोअरकीपर खुर्चीवरून अर्धा उठला होता. "अरे गप रे बाबांनो! सगल्यांना आत टाकतील. मना घरी पोरंबालं हायेत!" पण तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला त्याचाही ओठ हलला, हे मी पाहिलं. त्याच्या गावातही पालखी त्याच्या दारावरूनच जात असणार.

फिटरने हातोडी उचलली आणि ठोकायला लागला. आम्ही सगळे डफाभोवती जमलो. मी शिकलेला माणूस, भोंदूगिरीवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं आहे, आणि मी त्या कडीकडे श्वास रोखून पाहत होतो. मनात एकच: उजवीकडे जा. परीक्षा होऊ दे. उजवीकडे जा.

कडी सरकली. उजवीकडे.

"व्हय म्हाराजा!" आमचा असा काही गजर झाला की पत्र्याची भिंत हादरली. आणि त्याच क्षणी दारात मुदीर उभा होता.

मला माझा इकामा तिथल्या तिथे फाटलेला दिसला. मुदीर आमच्या जोडलेल्या हातांकडे, फिटरच्या अनवाणी पायांकडे, डफाकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा फुलला. असा उत्साह त्याने आमच्यात कधी पाहिला नव्हता. गोऱ्याच्या प्रशिक्षणाने अर्ध्या दिवसात ही एकी निर्माण केली, असं त्याला वाटलं. तो पुढे आला, फिटरच्या पाठीवर थाप मारली, मूठ उगारली आणि म्हणाला, "वाय म्हाराजा!"

त्यानंतर महिनाभर प्रत्येक मीटिंगच्या शेवटी तो हे म्हणायचा आणि आम्हाला प्रतिसाद द्यावा लागायचा.

सल्लागार परतल्यावर फिटरने त्याला कौल मिळाल्याचं हिंदीत सांगितलं आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. त्याने कडी कुठे थांबली ते पाहिलं. उजवं-डावं असं काही नसतं, तो म्हणाला, चित्रं बघायची असतात; आणि या चित्राचा अर्थ त्याच्या मते मेलेल्यांच्या मुलखाकडे जाणारी वाट. मी हे मराठीत कुणाला सांगितलं नाही. फिटरला विचारलं असतं तर त्याने सांगितलंच असतं, देव त्यांचो असलो तरी प्रश्न आमचो होतो.

पुढच्या आठवड्यात सल्लागार परत गेला. जाताना मला म्हणाला, हे लोक फार चांगले विद्यार्थी होते, मात्र सौदी माणसं इतकी चांगली हिंदी बोलत असतील याची मला कल्पना नव्हती. तो खरंच भोळा होता की पगार घेऊन भोळा राहिला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर एक भूत कामावर आलं.

झालं असं की ईदच्या जेवणाच्या वेळी मुदीरने आपल्या एका दूरच्या नातेवाइकाचं अभिनंदन केलं: तुमच्या मुलीने नेतृत्वाचं प्रशिक्षण फार छान पूर्ण केलं. बापाला पाट्यांचा खेळ ठाऊक होता, त्याने हो हो म्हटलं. पण बायकांच्या बाजूला ही बातमी पोचली आणि मुलीने विचारलं, कुठलं प्रशिक्षण? कुठली नोकरी? ती पदवीधर होती आणि दोन-तीन वर्षं नोकरी शोधत घरी बसली होती. आपण इतके महिने नोकरी करत आहोत हे तिला त्या दिवशी कळलं. ईदची सुट्टी संपल्यावर ती भावाच्या गाडीतून उतरली, काळ्या अबायात, चेहरा झाकलेला, आणि गेटवर म्हणाली, "मी कामावर आले आहे. माझी खुर्ची कुठे आहे?"

मुदीरची अशी धावपळ मी कधी पाहिली नव्हती. कामावर न येण्याचा पगार देता येतो, पण कामावर आलेल्याला नको कसं म्हणणार? शिवाय बाईमाणूस म्हणजे कायद्याने वेगळी खोली हवी, वेगळं प्रसाधनगृह हवं, पुरुषांची ये-जा नको. असं सगळं असलेली ऑफिसात एकच जागा होती: माझी केबिन. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा कॉम्प्युटर, टेबल, बायकोने दिलेला गणपतीचा लपवलेला फोटो आणि मी असे सगळे मागच्या स्टोअरमध्ये, गॅस्केटच्या खोक्यांच्या मधे, हलवले गेलो. जाताना मी तिच्या दारावरची पाटी पाहिली. स्टोअरकीपरने वाचून दाखवली. प्रशिक्षणाच्या दिवशी माझ्या छातीवर होतं तेच नाव.

माझ्या इकाम्यावरचा व्यवसायही बदलला. कागदोपत्री काम आता सौदींचं, म्हणून मी 'माल चढवणारा-उतरवणारा मजूर' झालो. काम तेच करायचं होतं, पण ते करताना दिसायचं नव्हतं. तपासनीस आला की मी खोक्यांच्या मागे जायचो. भूत माणूस झालं आणि माणूस भूत झाला, हे मी बायकोला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही, आणि मग माझंही हसू राहिलं नाही. पन्नाशीच्या माणसाने खोक्यांमागे श्वास रोखून उभं राहायचं यात विनोद फार नसतो. खरं सांगतो, त्या मुलीचा मला भयंकर राग आला होता.

माझ्या जुन्या केबिनच्या भिंतीला एक छोटी सरकती खिडकी केली, त्यातून फायली आत-बाहेर जायच्या. बोलणं इंटरकॉमवर, इंग्रजीत, मधेमधे अरबी. मुदीरने हुकूम दिला, तिला सगळं शिकव. पहिल्या दिवशी तिचा पहिला प्रश्न असा:

"उस्ताज, मी त्या प्रशिक्षणात काय शिकले?"

मी डफाचं सांगितलं. कडीचं सांगितलं. उंच आसनावर बसणाऱ्या बाईचं सांगितलं, हेरिटेज हा शब्द जपून वापरत. मला वाटलं, ही घाबरणार. पण ती म्हणाली, "त्या बाईला आसन द्यायला लोक तयार होते. इथे खुर्चीसाठी तीन दिवस गेले."

माझा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला निम्मा तिने कामाने घालवला. ती हुशार होती आणि चिवट. एकदा सांगितलेलं विसरायची नाही, आणि नाही कळलं तर कळेपर्यंत फोन ठेवायची नाही. जुनं ड्रॉइंग चुकून साइटवर गेलं तर वेल्डर जिवाला मुकू शकतो, हे मी सांगितल्यापासून तर ती प्रत्येक शिक्का दोनदा बघायची. मी तिचा चेहरा कधी पाहिला नाही. खिडकीतून येणारे काळ्या हातमोज्यांतले हात आणि एक आवाज, एवढीच तिची ओळख. तिला माझ्या मुलीविषयी ऐकायला आवडायचं. कुठला विषय कठीण जातो, घरी कोण शिकवतं, पुढे काय करणार. मीही बोलत सुटायचो. खोक्यांच्या मधे बसून माणूस तसाही बोलका होतो.

जानेवारीत कामगार खात्याचा तपासनीस आला. मी नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो. पत्र्याच्या पलीकडून सगळं ऐकू येत होतं. तो तिच्या बंद दाराबाहेर उभा राहून प्रश्न विचारत होता. अशा कितीतरी कंपन्या त्याने पाहिल्या असणार, जिथे दाराआड कुणी नसतं किंवा असलेल्याला काही माहीत नसतं. तिने त्याला एका ड्रॉइंगचा आमच्याकडे येण्यापासून साइटवर जाण्यापर्यंतचा सगळा प्रवास सांगितला, न अडखळता. तपासनीसाने आणखी कठीण विचारलं, तिने तेही सांगितलं. मला गॅस्केटच्या खोक्यांमागे छाती फुगवून उभं राहायला जागा नव्हती, पण मी फुगवलीच.

त्या एका भेटीने, आणि तिचं पाहून खरोखरच कामावर यायला लागलेल्या आणखी काही भुतांमुळे, कंपनी हिरवी झाली. फिटरने कॅम्पात नारळाऐवजी लेबनानी सफरचंद फोडलं. स्टोअरकीपरचा इकामा झाला, फिटरचा झाला, सगळ्यांचे झाले.

माझा झाला नाही. मुदीरने मला बोलावून, खजूर पुढे करून, प्रेमाने सांगितलं. तू फार चांगलं शिकवलंस. इतकं चांगलं की आता तुझं काम उरलं नाही. महिना संपायच्या आत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परत, खलास. मी मुलीच्या परीक्षेचं बोललो. तो म्हणाला, परीक्षा भारतातही असतात. पाहिजे तर रियाधच्या अल सुलैतल्या गोदामात खरोखरचा माल उतरवायला मजूर हवा आहे, पण तिथे फॅमिली नेता येणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशी इंटरकॉमवर मी तिला शेवटचं हस्तांतर समजावत होतो. माझा आवाज बरोबर नव्हता. ती म्हणाली, "मला कळलं आहे." मग तिने विचारलं, मुलीचा शेवटचा पेपर कधी आहे? मी तारीख सांगितली. तिने विषय विचारला, मी गणित सांगितलं, आणि आम्ही पुन्हा ड्रॉइंगकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीला कुलूप होतं. पाठदुखी. डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं होतं. एका मोठ्या कामाचे शेवटचे कागद प्लांटला द्यायचे होते, ते मुदतीत गेले नाहीत तर पुढचं कंत्राट जाणार होतं, आणि ते सगळं ठाऊक असणारी माणसं दोन. मुदीर वाट पाहून थकला, बापाला फोन केले, भावाला फोन केले. पाठ दुखतच होती. शेवटी तो स्वतः स्टोअरमध्ये आला, खोक्यावर बसला आणि बायकांना नोकरी देऊ नये यावर मला भाषण दिलं. मग माझा इकामा वाढवायला सांगून गेला; ती परत आली की बघू म्हणाला. तिचा पगार कापला. लेखी ताकीद दिली. तिला काढलीच असती, पण हिरवा रंग तिच्या नावावर उभा होता.

फेब्रुवारी गेला. मार्च आला. मी रोज मुलीला परीक्षेला सोडून कामावर यायचो आणि रोज त्या कुलपाकडे पाहायचो. मला शंका होती, पण ती मी मनातही पूर्ण म्हणत नव्हतो. ज्या खुर्चीसाठी ती घरच्यांशी भांडून आली, ती खुर्ची कुणी परक्याच्या मुलीसाठी रिकामी ठेवेल, हे मला खरंच वाटत नव्हतं.

गणिताचा पेपर झाला. मुलगी बाहेर आली, हसली, आणि गाडीत बसून झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरमध्ये पाऊल टाकलं आणि इंटरकॉम वाजला.

"सलाम अलैकुम, उस्ताज. पाठ बरी झाली. गणित कसं गेलं?"

मी रिसीव्हर कानाला धरून खोक्यांच्या मधे रडत होतो, आणि ते तिला ऐकू जात होतं याची मला लाज वाटली नाही. "चांगलं गेलं," मी शेवटी म्हणालो.

"खलास?"

"खलास."

"मग यल्ला," ती म्हणाली, "मी नव्हते तेवढ्यात कुठली ड्रॉइंग्ज आली ते सांगा."